सोलापुरात सौर बंब बसवताना आधी पाणी पाहावे

गच्चीवर सौर बंब बसवायचा म्हटले की बहुतेक घरांतून पहिला प्रश्न लिटरचा येतो आणि दुसरा किमतीचा. हे संच बसवण्याच्या व्यवसायात असल्यामुळे दोन्ही प्रश्न मला रोज ऐकावे लागतात आणि ते रास्तही आहेत. परंतु सोलापुरात त्यांच्याही आधी विचारला पाहिजे असा प्रश्न वेगळा आहे. घरात पाणी कुठून येते, किती दिवसांआड येते आणि त्यात क्षार किती आहेत? पावसाळ्यातील ढगाळ दिवस वगळले तर आपल्या शहराचे ऊन कोणत्याही संचाला पुरून उरते. माझ्या पाहण्यात जे संच अकाली निकामी झाले, त्यांच्या मुळाशी बहुधा पाणीच होते.

उजनीचे पाणी शहराच्या अनेक भागांत काही दिवसांआड मिळते, त्यामुळे गच्चीवरची टाकी मध्येच रिकामी पडणे आपल्याकडे नित्याचे आहे. बंबाच्या टाकीतून गरम पाणी वरच्या बाजूने बाहेर पडते. म्हणजे गार पाणी येणे थांबले तरी ती टाकी भरलेलीच राहायला हवी. प्रत्यक्षात मात्र बंबाकडे जाणाऱ्या गार पाण्याच्या पाइपालाच स्वयंपाकघराचा नाहीतर संडासाचा फाटा काढलेला असतो, आणि वरची टाकी संपल्यावर खालचा नळ कोणी उघडला की बंबातील पाणी उलटे त्या फाट्यातून उतरून जाते. बंबाच्या टाकीला जोडलेल्या, ऊन झेलून पाणी तापवणाऱ्या काचेच्या नळ्यांत उरलेले पाणी उन्हाने उकळून कमी होत जाते आणि वरचा कोरडा भाग भाजत राहतो. पूर्ण कोरड्या नळीचे तापमान २०० अंशांच्याही वर जाऊ शकते. अशा नळीत भर दुपारी गार पाणी शिरले की काच तडकते, आणि दोष मात्र काचेच्या दर्जाला दिला जातो.

यावरचा उपाय महाग नाही, तो फक्त पाइप टाकतानाच करावा लागतो. बंबासाठी गार पाण्याचा स्वतंत्र पाइप घ्यावा आणि त्यावर पाणी उलटे जाऊ न देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, गच्चीवरच्या टाकीला बंबाची जोडणी तळाशी द्यावी आणि बाकीच्या घराची जोडणी तिच्यापेक्षा वीतभर वर काढावी. मग घरातले नळ कोरडे पडले तरी बंबापुरता साठा टाकीत शिल्लक राहतो. इतके करूनही बंब कधी रिकामा झालाच, तर तो पहाटे किंवा सूर्यास्तानंतर काही वेळाने भरावा. गार पाण्याच्या टाकीचा तळ बंबाच्या टाकीपेक्षा उंच असला पाहिजे आणि बंबातील हवा आणि वाफ बाहेर सोडणारा हवेचा पाइप गार पाण्याच्या पातळीच्याही वर उघडा राहिला पाहिजे. जुन्या माळवदाच्या घरांत इथेच अडचण येते, कारण २०० लिटरचा संच पाण्यासह पावणेतीनशे किलोच्या घरात जातो आणि वरची गार पाण्याची टाकी वेगळीच. हा भार माळवदावर कधीही ठेवू नये. अभियंत्याला दाखवून, भिंतींवर लोखंडी गर्डर टाकून तो भिंतींवर घ्यावा.

क्षारांचा विचार संचाचा प्रकार निवडतानाच करावा लागतो. जुळे सोलापूर, विजापूर रोड, शेळगी अशा भागांत अनेक घरे बोअरच्या पाण्यावरही अवलंबून आहेत. पाणी तापले की त्यातील कॅल्शियमचे क्षार आतल्या बाजूस घट्ट चिकटतात, आणि सपाट संग्राहकातील, म्हणजे ऊन झेलणाऱ्या सपाट पेटीतील, तांब्याच्या अरुंद नळ्या त्यामुळे हळूहळू बुजतात. काचेच्या निर्वात नळीचा बाहेरचा व्यास बहुधा ५८ मिलिमीटर असतो, क्षार तिच्या तळाशी साचतात आणि नळी काढून त्या धुता येतात. म्हणून बोअरचे पाणी असेल तर मी काचेच्या नळ्यांचाच संच सुचवतो. केवळ नळाचे पाणी वापरणाऱ्याने तांब्याचा सपाट संग्राहक अवश्य घ्यावा, तो फुटण्याची धास्ती कमी असते. टाकीतील मॅग्नेशियमचा रॉड दरवर्षी उघडून पाहावा. टाकीऐवजी झिजण्यासाठीच तो ठेवलेला असतो, तरी आपल्याकडे त्याची आठवण कोणालाच राहत नाही.

संचाचे तोंड दक्षिणेला असावे आणि उतार ३० अंशांच्या आसपास ठेवावा. सोलापूरचे अक्षांश १७.७ अंश आहेत, त्यापेक्षा उतार वाढवला की डिसेंबर-जानेवारीचे तिरपे ऊन अधिक मिळते आणि मे महिन्यातील नको असलेली उकळी कमी होते. गरम पाण्याचा पाइप शक्य तितका आखूड ठेवून त्यावर आवरण चढवावे. पाऊण इंची पाइपाच्या दर मीटरमध्ये सुमारे तृतीयांश लिटर पाणी असते. पंधरा मीटरचा पाइप असेल तर गरम धार येईपर्यंत पाच लिटर पाणी मोरीत जाते. आठवड्यातून मोजक्याच वेळा पाणी येणाऱ्या शहरात ही नासाडी मला फार सलते.

अलीकडे पुष्कळ जण विचारतात की बंबाला अनुदान मिळते का. २०२४ मध्ये सुरू झालेली पीएम सूर्यघर योजना वीज निर्माण करणाऱ्या पॅनेलसाठी आहे, पाणी तापवणाऱ्या संचासाठी नाही. तरीही २०० लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला गिझरला किमान सव्वानऊ युनिट वीज लागते, हा हिशेब मांडला की मोठ्या कुटुंबाला अनुदानाशिवायही बंब परवडतो.

लॉज, वसतिगृहे आणि रुग्णालये यांची गोष्ट निराळी आहे, कारण तिथे गच्ची अपुरी पडते आणि पाणी रात्रीही लागते. तिथे हीट पंप उपयोगी पडतो. तो हवेतील उष्णता पाण्यात सोडतो, त्यामुळे एका युनिट विजेत साधारण तीन युनिटइतकी उष्णता मिळते, आणि आपल्या उबदार हवेत तो चांगला चालतो. मात्र मे महिन्याच्या दुपारी पारा ४० च्या पुढे जातो, म्हणून किती तापमानापर्यंत यंत्र चालवता येते हे आधी कागदावर पाहून घ्यावे आणि ते सावलीत, मोकळ्या हवेत बसवावे.

माझी सर्वांत मोठी आशा चादरी आणि टॉवेलांच्या रंगाई कारखान्यांवर आहे. बॉयलरला जाणारे पाणी दर ६ अंशांनी अधिक गरम मिळाले की इंधन सुमारे १ टक्का वाचते. ३० अंशांचे पाणी उन्हाने ६० अंशांवर नेले तर बचत ५ टक्क्यांपर्यंत जाते. त्यातून बॉयलरसाठी पाणी आधीच सॉफ्टनरमधून काढलेले असते, त्यामुळे क्षारांची अडचण उरत नाही आणि सपाट संग्राहक निर्धास्तपणे बसवता येतात. पण अक्कलकोट रोड एमआयडीसीतील कोणत्याही कारखानदाराला मी प्रथम हेच सांगेन की वाफेचे थंड होऊन जमणारे पाणी गटारात जात असेल, तर ते आधी बॉयलरकडे परत वळवावे. ते पाणी मुळातच गरम असते आणि परतीचा पाइप टाकण्याचा खर्च संग्राहकांपेक्षा पुष्कळ कमी असतो. ते वळवल्यानंतर बाहेरून किती नवे पाणी रोज घ्यावे लागते हे मोजावे आणि सौर संचाचा आकार तेवढ्याच पाण्यावर ठरवावा.