वड तोच, कुंडी तेवढी बदलली

मृग लागून आठवडा झाला होता. आर्वीकडचे एक गुरुजी वडाचं बोन्साय घेऊन रोपवाटिकेत आले. "भाऊ, कुंडी तेवढी बदलून द्या, फांदीले कात्री लावू नका. इतक्या वर्षांचं झाड, पण रोपटंच दिसून राह्यलं."

कुंडी गोल, निळी, चकचकीत आणि 9 इंच खोल. मी तिच्याभोवती बारदाना गुंडाळला, तेव्हा कुठे नजर बुंध्यावर टिकली.

झाडाची उंची 45 सेंमी, फांद्यांचा पसारा 54. उभ्या झाडाला उंचीच्या दोन तृतीयांश लांबीचा ट्रे घेतात. आडव्या पसरलेल्या वडाला मात्र पसारा मोजायचा. म्हणून 36 सेंमीचा लंबगोल ट्रे घेतला. खोली बुंध्याच्या जाडीइतकी, 7 सेंमी. रंग मातकट, बिनचकाकीचा. चकाकी फुलाफळांच्या झाडाला शोभते, वडाच्या राखाडी सालीला ती फिकी पाडते.

झाड उपसलं आणि दुसरा दोष हाती आला. आत शेतातली काळी माती, दगडासारखा गोळा. पाणी कडेकडेने उतरून जायचं, गाभा कोरडाच. बांबूच्या काडीने वरून उकरत गेलो, तर दोन बोटं खाली पसरलेली जाड मुळं गाडलेली! ती उघडी होताच बुंध्याला एकदम वय आलं.

कुंडीला गोल वेढे घातलेली मुळं एक तृतीयांश कापली, चीक थांबेपर्यंत पुसला. भोकांवर जाळी टाकली आणि खालून तार ओवून झाड ट्रेला बांधलं. नाहीतर वाऱ्याने हलून नवी मुळं तुटतात. भरायला 3 ते 6 मिमी विटांचा चुरा दोन भाग, कुजलेलं शेणखत एक भाग. धूळ चाळून काढलेली. उथळ ट्रे लवकर निथळतो असं वाटतं, पण निथळल्यावरही तळाला ओलीचा थर राहतोच, आणि उथळ ट्रेत मुळं नेमकी त्याच थरात असतात. बारीक मातीत तो थर जाड होऊन ती कुजतात.

झाड मधोमध बसवलं नाही. मध्यरेषेच्या जरा मागे आणि लांब फांदीच्या उलट बाजूला सरकवलं. त्या फांदीला पारंबी फुटतेय, तिला उतरायला माती हवी.

गुरुजींना सांगितलं: तीन आठवडे हिरव्या जाळीखाली, महिनाभर वरून खत नाही. वैशाखात दिवसातून दोन वेळा पाणी, आणि ट्रे तापलेल्या स्लॅबवर न ठेवता विटांवर.