‘सीत खमसैन’ की ‘खमस सितैन’?

एका इनाम (सारामाफीच्या जमिनीच्या) प्रकरणातली सनदेची नक्कल मोडीतून उतरवत होतो. मूळ सनद गहाळ, त्यामुळे सगळी भिस्त वहिवाटीवर. 1852 च्या 11 व्या कायद्याप्रमाणे इंग्रजी अंमल बसण्याआधी सलग 60 वर्षे माफीची वहिवाट असेल आणि त्या वेळी जमीन मूळ इनामदाराच्या नातवाकडे असेल, तर पुरुष वारस असेपर्यंत इनाम चालायचे. इथे नातू होता. अडले होते सालापाशी.

नकलेत सुहूर सन (जुन्या मराठी कागदांतली, अरबी शब्दांत लिहायची कालगणना) होता: ‘खमस सितैन मया व अलफ’. अरबी संख्या एककापासून वाचायची: 5, 60, 100, 1000, म्हणजे 1165. हे वर्ष मृगाला सुरू होते; इसवी सनासाठी मृगापासून डिसेंबरअखेर 599 मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. आले 1764-65. इंग्रजी अंमल बसला त्या 1818 पर्यंत जेमतेम 53 वर्षे, म्हणून दावा फेटाळलेला.

सुहूर वर्ष सौर, पण महिने मुसलमानी, चांद्र (तारखेआधीचा ‘छ’ म्हणजे चंद्र). 354 दिवसांचे बारा चांद्र महिने 365 दिवसांत बसवले की दहा-अकरा तारखा एकाच सनात दोनदा येतात. नवखा इथे हमखास फसतो. ते तपासायला पुन्हा मथळ्याकडे गेलो. राज्याभिषेक शकाचा (शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकापासून मोजलेल्या वर्षाचा) आकडा कसरीने खाल्लेला, पण ‘युवानाम संवत्सरे’ शाबूत. युवा म्हणजे शके 1677, अर्थात 1755-56. 1764 ला संवत्सर हवा तारण.

मूळ सनद असती तर शिक्क्यानेच निकाल लागला असता: 1755 ला पेशवे नानासाहेब, 1764 ला माधवराव. नकलेत मात्र नुसता ‘शिक्का’ हा शब्द.

मग शब्द उलटे करून पाहिले. ‘सीत खमसैन’: 6 आणि 50, म्हणजे 1156, बरोबर 1755-56! मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत. कारकुनाने दोन्ही शब्दांची अदलाबदल केली आणि ‘ऐन’ची शेपटी भलत्याला जोडली. बनावटीचा संशय मी आधीच सोडला होता. बनावट करणारा साल मागे ओढतो; इथे ते नऊ वर्षे पुढे गेलेले, दावेदाराच्याच मुळावर.

खात्रीसाठी पेशवे दफ्तरातली त्या सनाची रोजकीर्द (रोजच्या नोंदींची वही) काढवली. रुमालाची (कागद बांधलेल्या फडक्याची) गाठ सोडून पानांमागून पाने गेली. नकलेत जमीन ‘पाव चाहूर’. कीर्दीत तेच गाव, तोच इनामदार आणि ‘बिघे 30’. चाहूर 120 बिघ्यांचा, तेव्हा हिशेब जुळला. वहिवाट 62 वर्षांची निघाली.