चिकन कुर्ल्यात, शब्बाथ ठाण्यात

आम्ही ठाण्याचे बेने इस्राएली, म्हणजे मूळ कोकणातले मराठी ज्यू. शुक्रवारी सूर्यास्ताला आमचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा दिवस, सुरू होतो. त्या रात्री आमच्याकडे बहुतेक वेळा नारळाच्या दुधातलं चिकन असतं. मांसाबरोबर दूधदुभतं चालत नाही, त्यामुळे आमच्या रश्शांना दाटपणा येतो तो नारळाने. कोंबडी मात्र शोहेतने, म्हणजे आमच्या धर्माच्या नियमांप्रमाणे कापणाऱ्याने, कापलेलीच लागते, म्हणून बाबा ती मुंबईहून आणतात.

जुलैतल्या त्या शुक्रवारी पाऊस असा कोसळला की लोकल बंद पडल्या. बाबा चिकनच्या पिशवीसकट कुर्ल्याला अडकले. घरी इस्राएलमधल्या लोदहून आलेली आत्या, तिची सून आणि नातू. त्यात दुपारीच लाईट गेलेली.

जुलैत आमच्याकडे सूर्य सव्वासातनंतर मावळतो आणि शब्बाथचे दिवे त्याच्या 18 मिनिटं आधी लागायला हवेत. म्हणजे सातला सगळं आवरलेलं पाहिजे. त्यानंतर गॅस पेटवायचा नाही, बटणाला हात लावायचा नाही. बाबा याबाबतीत थोडे सैल आहेत, आत्या नाही.

चिकन गेलं, तर मासे? जुलैअखेरपर्यंत यांत्रिक बोटींना समुद्रबंदी असते, त्यामुळे बाजारात ताजं फारसं काही नसतं, आणि जी कोळंबी मिळते ती आम्हाला चालत नाही. शेवटी आई म्हणाली, "अंडी आहेत, नारळ आहे. कालवण करू." मिक्सर बंद, म्हणून मी पाट्यावर वाटण वाटलं. आत्याने खोबरं खवून हातानेच दूध पिळलं. मला विचाराल तर ते मिक्सरच्या दुधापेक्षा चांगलं निघालं.

अंडी उकडून झाली, रस्सा चढवला आणि सिलिंडर संपला. दुसरा आधीच रिकामा. शेजारच्या काकूंकडे गेले. त्यांच्या स्वयंपाकघरात अंडं जात नाही आणि आमचं अन्न त्यांच्या भांड्यात शिजत नाही. दोघींनाही हे वर्षानुवर्षं माहीत आहे. "मग अख्खा सिलिंडरच घेऊन जा की," काकू म्हणाल्या. तो जिन्यावरून ढकलत आणताना माझी कंबर धरली, पण रस्सा उकळला.

मेजवानी नसली तरी शब्बाथ होतो. दिवे, किद्दुश (द्राक्षरसावर म्हणायची प्रार्थना) आणि दोन अख्ख्या पोळ्या मात्र लागतातच. म्हणून उरलेला वेळ आम्ही त्यावरच घातला.

भाकऱ्यांसाठी तांदळाची उकड काढलेली होती, पण हामोत्सीची, म्हणजे पोळी मोडण्याआधीची प्रार्थना तांदळावर म्हणता येत नाही. गहू, जव अशी ठरावीक धान्यंच लागतात. डब्याच्या तळाशी कणीक सापडली. त्याच्या दोन जाडसर चपात्या झाल्या. दोनच का, तर वाळवंटात आमच्या पूर्वजांसाठी आकाशातून पडणारं अन्न, मान्ना, शुक्रवारी दुप्पट पडायचं, त्याची आठवण. किद्दुशसाठी द्राक्षरस बाबांच्याच पिशवीत होता! एरवी आम्ही काळ्या मनुका आदल्या रात्री भिजवून सरबत करतो. त्या दिवशी मनुका पाण्यात उकळल्या, कुस्करल्या आणि फडक्यातून गाळल्या. रंग छान आला, गोडी जरा जास्तच.

दिव्यांचं निराळंच. आम्ही ग्लासात पाणी घालून वर खोबरेल तेल ओततो आणि त्यात वात सोडतो. लाईट नाही म्हटल्यावर स्वयंपाकघरात आणि मोरीतही एकेक ग्लास हवा. बाटलीत तेल तळाला. आत्या हसायला लागली, "शनवार तेल्यांच्या घरात तेल नाही!" कोकणात आमच्या पूर्वजांना शनवार तेलीच म्हणायचे, तेलाचे घाणे शनिवारी बंद ठेवायचे म्हणून. मग डोक्याला लावायची बाटलीही रिकामी केली, सुवासिक नव्हती हे नशीब.

पावणेसातला बाबांचा फोन आला: चुलतभावाकडे पोहोचलोय, तिथेच राहतो. चिकनला मीठ लावून, धुऊन काकीने ते शिजवलंसुद्धा होतं. हे त्यांनी सांगितलं नसतं तरी चाललं असतं.

सातला आईने दिवे लावले. किद्दुश एरवी बाबाच म्हणतात, पण बाईने म्हटला तरी चालतो. आईने बाबांचं पुस्तक उघडलं, त्यात हिब्रूखाली देवनागरी आहे. ती अडखळेल असं मला वाटलं होतं, पण तिला तो पाठच होता. नुसत्या ऐकण्याने. आत्यानेही मान वर करून बघितलं.

कालवण संपलं. दहाच्या सुमाराला लाईट आली आणि त्याबरोबर टीव्हीही सुरू झाला. दुपारी नातू कार्टून बघत होता आणि बटण तसंच चालू राहिलं होतं. आता कोण बंद करणार? कार्टूनमधला उंदीर किंचाळत होता, आम्ही एकमेकींकडे बघत होतो. ज्यू नसलेल्या कुणाला सांगून बंद करवून घेणंही नियमात बसत नाही. तेवढ्यात काकू सिलिंडर नीट लागला ना ते बघायला आल्या, "केवढा तो आवाज," म्हणाल्या, आणि जाता जाता बटण बंद करून गेल्या.

"आपण काही सांगितलं नाही हं, वहिनी," आत्या म्हणाली.

"मी तर तोंडसुद्धा उघडलं नाही," आई म्हणाली.