लाखेची तीन मिनिटं

परवा जुन्या तबकड्या पुसायला काढल्या आणि पुसणं राहिलं बाजूला, घड्याळ लावून गाणी मोजत बसलो. २:४८, ३:०५, २:५६. एकही गाणं साडेतीनच्या पुढे जाईना. जाणार कुठून? मिनिटाला ७८ फेरे घेणारी दहा इंची लाखेची तबकडी. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची. हिट गाण्याची लांबी संगीतकारांनी नाही, खाचांनी ठरवली म्हणायची! १९४८ मध्ये एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी आली, पुढच्याच वर्षी मिनिटाला ४५ फेरे घेणारी छोटी. एलपीवर ऐसपैस जागा होती, तरी हिट गाण्यांनी मुक्काम ठोकला तो ४५वरच.

मला त्या गाण्यांतली घाईच आवडते. नमनाला घडाभर तेल नाही. आठ-दहा सेकंद वाद्यं, की गायक हजर. माझ्याकडच्या एका गाण्यात तर शेवटची ओळ संपते न संपते तोच सुई लेबलापाशी पोचते, मग नुसती खरखर.

नेमका त्याच तबकडीच्या काठाचा टवका उडाला. लाख ठिसूळ, माझी बोटं धांदरट. आता सुई ठेवायची ती थेट मुखड्यावर.