सहावं भोक

जूनची पहिली तारीख लागली की आमच्या देवगडात मासेमारी बंद होते आणि वर्कशॉप सुरू होतं, असं म्हटलं तरी चालेल. 31 जुलैपर्यंत होड्या किनाऱ्यावर, आणि त्यांचं सगळं गंजलेलं, वाकलेलं, तुटलेलं लोखंड आमच्या दारात. वेल्डिंग मी बारा वर्षं करतोय. ग्राइंडरला मी कायम घाबरून असायचो, कारण तो आवाजच असा करतो. कोपऱ्यातलं पिलर ड्रिल, म्हणजे खांबावर बसवलेलं भोक पाडायचं मशीन, मात्र मला गरीब गाय वाटायचं.

काम साधं होतं. जाळं ओढायच्या रोलरखालची बैठक. 316 दर्जाच्या स्टेनलेस स्टीलची 50 बाय 6 मिलिमीटरची फूटभर लांब पट्टी, तिला 10 मिलिमीटरची सहा भोकं. पट्टी आवळून धरायचा व्हाईस, म्हणजे शिकंजा, दुसऱ्या कामात अडकलेला होता. पाच भोकं मी पट्टी डाव्या हाताने धरूनच पाडली.

सहाव्याला बिट, म्हणजे ड्रिलचं भोक पाडणारं टोक, कापेना. नुसताच कर्र कर्र आवाज. मी लिव्हरवर जोर वाढवला, मग अजून वाढवला, शेवटी अंगाचा सगळा भार टाकला. आणि बिट एकदम पार झालं. पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. पट्टी हातातून हिसकली गेली, पंख्याच्या पात्यासारखी फिरली, आणि तिचं उजवं टोक माझ्या बाजूने गोल येऊन डाव्या हाताच्या पाठीवर बसलं. स्विच मशीनच्या उजव्या बाजूला, त्या फिरणाऱ्या पट्टीच्या पलीकडे. आमच्या पोराने भिंतीवरचा मेन खाली ओढला तेव्हा ती थांबली.

जखम बघून मला हायसं वाटलं, कारण जेमतेम दोन इंचांची होती. फडकं दाबून गावातल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, "टेबलावर पंजा पालथा ठेवा. आता एकेक बोट उचला." तर्जनी आणि मधलं बोट उचलेनाच. दुखत होतं म्हणून नाही. मी सांगत होतो आणि बोटं ऐकत नव्हती. बोट सरळ करणाऱ्या शिरा, म्हणजे टेंडन, कापल्या गेल्या होत्या. त्याच संध्याकाळी भर पावसात फोंडा घाटातून राधानगरीमार्गे कोल्हापूर.

टेंडन शिवले. मनगटापासून बोटांपर्यंत स्प्लिंट, म्हणजे हात हलू नये म्हणून आधार, चार आठवडे. स्प्लिंट काढला त्या दिवशी माझी मूठ वळेना. बोटं लाकडासारखी झालेली. मग फिजिओथेरपी. कोमट पाण्यात हात, दर दोन तासांनी दहा वेळा बोटं उचलायची, दहा वेळा सावकाश मिटायची, आणि वजन अजिबात उचलायचं नाही. ऑपरेशनपेक्षा मला हाच भाग जड गेला. पेजेच्या वाटीवर झाकण ठेवायला आईला हाक मारावी लागायची.

बघायला येणारा प्रत्येक माणूस एकच वाक्य बोलायचा, "हातमोजे घालूक काय झाला होता?" सुरुवातीला मी समजावायचो, नंतर सोडून दिलं. पत्रा उचलताना मोजे ठीक. फिरत्या बिटाजवळ मोज्याचा एक धागा जरी अडकला तरी मोजा गुंडाळला जातो आणि त्याच्याबरोबर आतला हातही. त्या दिवशी घामाने ओले झाले म्हणून मी मोजे काढून ठेवले होते. बाकी अक्कल नव्हती, पण एवढं नशीब होतं.

घरी बसून मी एकच हिशेब पुन्हा पुन्हा केला. स्टेनलेसला साधं हायस्पीड स्टीलचं बिट मिनिटाला साधारण 12 मीटर वेगाने कापतं. 12 ला हजाराने गुणा, 3.14 गुणिले 10 ने भागा. येतात मिनिटाला 382 फेरे. ड्रिलचा वेग ठरवणारा आमचा बेल्ट होता 1400 फेऱ्यांच्या पुलीवर. तीन वर्षांत तो कोणी हलवलाच नव्हता, मीसुद्धा नाही. म्हणजे पहिल्या भोकापासून बिट जळत होतं. बोथट बिट कापत नाही, घासतं. आणि स्टेनलेस घासलं की जागच्या जागी आणखी कडक होतं. म्हणून मी भार टाकला. आणि बिट पार होतानाच नेमका भार कमी करायचा असतो, कारण तळाशी उरलेल्या पातळ कडेत बिटाची धार स्क्रूसारखी शिरते आणि जॉबला ओढून घेते. पट्टी फिरली ती सहाव्या भोकाला, पण चूक बेल्टपासून सुरू झाली होती.

फोनवरूनच पोराला कामं सांगितली. व्हाईस आता टेबलाच्या खाचेत बोल्टने आवळलेला असतो. लांब पट्टी असेल तर तिचं डावं टोक खांबाच्या डाव्या अंगाला टेकवायचं; बिट घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतं, त्यामुळे झटका बसला तरी पट्टी खांबावरच अडते. स्टेनलेसचा लांब कुरळा चुरा ब्रशने काढायचा, आणि तोही मशीन बंद करून. बंद करायचं लाल बटण इलेक्ट्रिशियनकडून गुडघ्याच्या उंचीवर बसवून घेतलं.

जुलैच्या शेवटी तांडेलकाका छत्री घेऊन आले. होडी उतरवायची होती, आणि ती पट्टी तशीच भिंतीला टेकून उभी. पोरगा करतो म्हणाला. मी म्हटलं, हे माझं आहे.

बेल्ट खाली घेतला. पट्टी आवळायला पोराला पाच मिनिटं लागली, काका दोनदा घड्याळ बघून झाले. नवं बिट, वर तेलाचे थेंब. मध्येच बिट वर घेत, चुरा तोडत, उजव्या हाताने सावकाश दाब. तळ जवळ आला तसा आवाज बदलला आणि मी लिव्हर जवळजवळ सोडूनच दिली.

"डावो हात पाठी कित्याक धरलंस?" काकांनी विचारलं.

"तेका हंय काय काम नाय, काकानू."