देवबागचा होमस्टे आणि सामाईक सातबारा

तारकर्लीवरून देवबागला जाताना जमीन निमुळती होत जाते, उजवीकडे समुद्र, डावीकडे कर्ली नदी, मधल्या माडांच्या पट्टीत जिकडेतिकडे होमस्टेचे बोर्ड. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, आता चिपीला विमानतळपण आहे, म्हणजे पैसा येतोय हे नक्की. पण तो कोणाच्या घरात जातोय ते इथे राहिल्यावर कळतं.

आम्ही उतरलो ते एका मच्छीमाराचं घर, मागच्या बाजूला पाहुण्यांसाठी दोन खोल्या. सकाळी घावणे-चटणी, दुपारी बांगड्याचं तिखलं, काकी सगळं स्वतः करतात. शेजारीच बाहेरून आलेल्या मालकाचा एसी रिसॉर्ट, स्विमिंग पूलवाला, आणि काकींचा पुतण्या तिथेच रोजंदारीवर बोट चालवतो.

काकींना तिसरी खोली बांधायचीय. कर्ज का नाही घेत विचारलं तर म्हणाल्या, "बँकेक सातबारो होयो, आणि सातबाऱ्यार अजून आजेसासऱ्याचा नाव. वारस सगळे मुंबयत, कोणाकोणाच्यो सह्यो हाडू?" कोकणात घरोघरी हेच आहे हो, जमीन आहे पण सामाईक, भावकीची संमती मिळेपर्यंत वर्षं जातात. छोट्या धंद्यांना कर्ज देणारी केंद्राची मुद्रा योजना २०१५ पासून आहे, विनातारण, पण तिच्यातल्या सगळ्यात लहान कर्जाच्या शिशु गटातल्या ५० हजारांत बाथरूमसकट खोली होत नाही आणि त्याच्या वरचं कर्ज मागितलं तर त्यांना परत जमिनीचेच कागद विचारले. शेवटी बचत गटातून थोडे आणि एका मायक्रोफायनान्सवाल्याकडून थोडे घेतले, त्याचा हप्ता दर महिन्याला, आणि जून ते ऑगस्ट इथे वॉटर स्पोर्ट्स बंद, बोटी वर ओढलेल्या, पाहुणा नाही. मग हप्ता भरायला दागिने गहाण.

मला हे अजिबात पटत नाही. पीककर्जाची परतफेड सुगी बघून ठरवतात, मग पर्यटनाच्या कर्जाचे हप्ते ऑक्टोबर ते मे का नाही ठेवता येत? आणि पाहुणे आता यूपीआयनेच पैसे देतात, सीझनभर खात्यात किती आले ते बँकेला समोर दिसतंय, त्यावर कर्ज द्या ना, सातबाऱ्यावर कशाला अडता!

देवबागला जाणार असाल तर ॲपवरून नको, घरमालकाला थेट फोन करून बुक करा, कमिशन वाचतं. आणि पैसे रोख देण्यापेक्षा काकींसारख्यांच्या खात्यातच टाका, कर्ज मागायला जाताना तेवढी तरी नोंद हातात राहते.