हत्तरसंग कुडलची पांढर

सोलापूरहून विजापूर रस्त्याने मंद्रूपपर्यंत सांगण्यासारखं फारसं नाही. ज्वारी, ऊस, ऊन. पुढे हत्तरसंग कुडल. इथे सीना भीमेला मिळते, पलीकडचा काठ कर्नाटकाचा.

बहुतेक जण येतात ते ३५९ मुखांचं शिवलिंग बघायला. मातीखाली गाडल्या गेलेल्या हरिहरेश्वराच्या मंदिरात ते सापडलं. मला ओढ होती संगमेश्वराच्या तुळईवरच्या लेखाची: शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८. मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांत तो धरला जातो. तो उजेडात आणला सोलापूरच्याच आनंद कुंभारांनी, गावोगाव पायाखाली घालून.

बाहेर सावलीला एक आजोबा बसले होते. "ताई, पुरातत्त्व खात्याच्या का?" नाही म्हटल्यावर मोकळे झाले. आज्याच्या काळी पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाची, माती गाड्या भरभरून रानात टाकायचे म्हणे, पीक जोरात यायचं. यायचंच! जुन्या वस्तीची राख, शेण, हाडं, सगळं त्या मातीत मुरलेलं. महाराष्ट्रातली किती टेकाडं अशी खतापायी संपली असतील!

"खापरं, मणी, नाणी सापडली तर कळवता का?"

"कशाला ओ? पंचनामा, हेलपाटे, वर जमीन अडकती."

भीती अगदीच हवेतली नाही. जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवा, असं १८७८ चा कायदा सांगतो. वारशावरची भाषणं इथे काय कामाची? धाराशिव जिल्ह्यातल्या तेर या प्राचीन गावचे रामलिंगप्पा लामतुरे गावातलेच, व्यापारी माणूस; त्यांनी जमवलेल्या हजारो वस्तूंवर तिथलं सरकारी संग्रहालय उभं आहे. मला वाटतं, गावाला हात पुढे करायला ओळखीचा माणूस लागतो.

उत्खननात माती उपसायला, चाळायला, खापरं धुवायला माणसं गावचीच असतात, पण हजेरीपटावरचे मजूर म्हणून. संध्याकाळी अर्धा तास सगळ्या गावाला खड्ड्याशी बोलावून दिवसभरात काय निघालं, कुठल्या थरात निघालं, हे दाखवलं तर? वस्तू उचलली की तिची जागा हरवते, आणि जागेशिवाय ती निम्मी मुकी. आजोबांच्या नातवाला हे पटकन कळलं. सापडलं की हलवायचं नाही, शेजारी नाणं ठेवून फोटो काढायचा, बांधापासूनचं अंतर लिहायचं.

आजोबा मात्र हिशेबाला पक्के. "आमच्या रानातलं म्युझियमला नेलं, तर बघायला आम्हाला तिकीट पडंल का?"